भिंतीतले सहा दिवे

माझ्या कार्डावर 'सीनियर चेकर' असं छापलेलं होतं. दिल्लीत हे सांगितलं की लोकांना वाटायचं, बाई मेट्रोत तिकिटं तपासतात. सरोजिनी नगरच्या बाजारातल्या एका स्वेटरवाल्याने तर आपल्या भाच्याला मेट्रोत चिकटवता येईल का, असंही मला विचारलं होतं. मी त्याला समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

मी इमारतींचे नकाशे तपासायची. आर्किटेक्ट इमारत कल्पितो, ड्राफ्ट्समन ती काढतो, इंजिनियर ती उभी राहील की नाही ते बघतो, आणि या सगळ्यांचं एकमेकांशी जुळतंय का हे बघणारी मी. दार उघडलं की वॉशबेसिनवर आपटतं का, जिना चढणाऱ्याचं डोकं तुळईवर फुटतं का, खालच्या मजल्यावरचा खांब वर कोणाच्या न्हाणीघरातून तर निघत नाही ना, असल्या गोष्टी. यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निर्दय तपासणी बेरजेची. इमारतीची बाहेरून लांबी घ्यायची. मग आतल्या खोल्या आणि मधल्या भिंती यांची मापं ओळीने मिळवत जायचं. दोन्ही आकडे सारखे आलेच पाहिजेत. नाही आले तर कोणीतरी चुकलंय, नाहीतर कोणीतरी खोटं बोलतंय. पस्तीस वर्षांत मला चुकलेलेच भेटले. खोटं बोलणारं माणूस एकदाच भेटलं, आणि त्याची ही हकीकत आहे.

माझे वडील भंडाऱ्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. तिथे दोन खोल्यांत सहा माणसं राहायची, त्यामुळे जागेचा हिशेब मला लहानपणीच कळला होता. पुढे ड्राफ्टिंग शिकले, सरकारी खात्यात बरीच वर्षं ट्रेसिंग पेपरवर वाकून काढली, आणि मग गुरुग्रामच्या एका खासगी कंपनीत गेले. आमची कंपनी शेजारच्या देशांत इमारती बांधून द्यायची. माझा नवरा मिलिंद म्हणायचा, "आता तू परराष्ट्र खात्याच्या पण चुका काढणार!" गंमत सोडा, पण शेजारच्या देशांत काय चाललंय हे मला पेपरवाल्यांच्या आधी नकाशांतून कळायचं.

नेपाळमधल्या एका सभागृहाचं सांगते. मूळ नकाशात राजासाठी वेगळा सज्जा होता आणि त्या सज्जात जायला वेगळा जिना. काम चालू असतानाच राजेशाही गेली. सज्जा बंद करून तिथे प्रोजेक्टरची खोली झाली, पण जिन्याबद्दल लेखी हुकूम कोणीच देईना. राजाचा जिना आपल्या हाताने खोडायला तिथल्या ड्राफ्ट्समनची हिंमत होत नव्हती. शेवटी तो जिना तसाच बांधला गेला. बावीस पायऱ्या चढून गेलं की समोर भिंत येते. आमचा एक इंजिनियर बघून आला, म्हणाला, तिथे लोक ओले कोट वाळत घालतात.

दुसऱ्या एका देशात दर्शनी दालनातल्या पुतळ्याचा कोनाडा चार वेळा बदलला. सरकार बदललं की नेता बदलायचा आणि नव्या नेत्याची उंची वेगळी असायची. वैतागून मी शेरा मारला की जमिनीत फक्त लोखंडी पट्टी आणि बोल्ट ठेवा, जो येईल त्याला कसता येईल. आमच्या साहनी साहेबांनी तो शेरा खरोखरच पाठवला आणि तिकडून 'उत्तम सूचना' असं उत्तर आलं. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

आता मूळ गोष्ट. या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच आहेत. झरीन हे नावही खरं नाही. ती त्या देशातली आर्किटेक्ट. दिल्लीत शिकलेली, त्यामुळे हिंदी झकास बोलायची. तिच्या शहरात मुलींसाठी शिक्षिका होण्याचं कॉलेज बांधायचं होतं. तिथलं काम ती बघायची आणि इथे तपासणी माझ्याकडे होती.

ती एकदा आठवडाभर बैठकांसाठी आली होती. मी तिला कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात थालीपीठ खायला नेलं. डोळ्यांतून पाणी काढत ती म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ भी ऐसी रोटी बनती है, बस इतने ग़ुस्से में नहीं बनती." मला ती एकदम आवडून गेली. पण तिची एक खोड मला छळायची. नकाशात दार पूर्ण उघडं, नव्वद अंशांत काढायची पद्धत आहे. ही बाई प्रत्येक दार तीस अंशच उघडं काढायची. मी दर वेळी लाल करायची.

"दीदी, पूरा दरवाज़ा कौन खोलता है?" ती म्हणाली. "आदमी पहले उतना ही खोलता है, जितने में बाहर देख सके."

"आमच्याकडे सताड उघडतात," मी मराठीतच म्हटलं आणि हिंदीत समजावलं. ती हसली, पण दारं काही बदलली नाहीत.

इमारत अर्धी झाली असताना त्या देशातलं सरकार गेलं. एका आठवड्यात सगळं उलटंपालटं झालं. झरीनचा फोन लागेना, ईमेलला उत्तर येईना. आम्हाला वाटलं, काम संपलं. पण दोन-तीन महिन्यांनी मधल्या एका कंपनीमार्फत पत्र आलं की इमारत पूर्ण करायची आहे, फक्त वापर बदलला आहे. आता तिथे एका खात्याची कचेरी होणार होती.

मग दुरुस्त्या येऊ लागल्या. एकदम काहीच आलं नाही, एकेक करून आलं. पहिल्यांदा खिडक्या. खिडकीचा तळ जमिनीपासून अडीच फुटांवर होता, तो साडेसहा फुटांवर न्या. मग वसतिगृहाच्या खोल्यांची नावं पुसून आकडे घाला. मग अंगणाकडचा सज्जा बंद करा. प्रत्येक पत्र अतिशय सभ्य भाषेत असायचं, शेवटी 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असायचं. आणि आम्ही ते करत गेलो. मीही केलं. खिडकी वर नेल्यावर आत उजेड पुरतो का, हे मी मन लावून तपासलं आणि दिवे वाढवायची शिफारस केली. आता लिहिताना मला माझीच लाज वाटते.

इमारत कोणासाठी आहे हे पाटीवरून कळत नाही. संडास मोजावे लागतात. मूळ नकाशात त्या इमारतीत बायकांसाठी चव्वेचाळीस संडास होते. पाचव्या दुरुस्तीत बावीस राहिले. आठव्या दुरुस्तीत शेवटचे दोन होते, त्यांच्या जागी 'झाडू-फडकी' असं लिहून आलं. तीन मजल्यांच्या इमारतीत बायकांसाठी एकही संडास नव्हता. कोणी कुठेही 'बायकांना बंदी' असं लिहिलेलं नव्हतं, त्याची गरजच उरली नव्हती.

पण या दुरुस्त्यांसोबत जे नकाशे यायचे, त्यात एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली. 'नकाशा काढणार' या चौकटीत नाव नव्हतं, चौकट कोरी होती. आणि सगळी दारं तीस अंश उघडी होती.

मी कोणालाच बोलले नाही. घरी येऊन मिलिंदला मात्र सांगितलं, "झरीन जिवंत आहे." तो म्हणाला, "फोन आला?" मी म्हटलं, "नाही, दारं आली." त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. पण मला पक्कं कळलं होतं. ती त्याच शहरात कुठेतरी बसून, दुसऱ्या कोणाच्या तरी आडून, स्वतःचीच इमारत एकेक खिडकी बुजवत काढत होती.

महिन्यातून एकदा व्हिडिओवर पाहणी असायची. तिकडचा एक इंजिनियर हातात फोन धरून इमारतभर चालायचा आणि आम्ही इथे अठराव्या मजल्यावर बघायचो. पहिल्या मजल्यावर, जिथे आधी ग्रंथालय व्हायचं होतं, तिथे एक लांब बोळ होता. बोळाच्या तोंडाशी बाकावर एक म्हातारा चौकीदार बसलेला असायचा. इंजिनियर जिन्यावरून वर आला की तो मोठ्याने खोकायचा. दर महिन्याला, त्याच जागी, तसाच तीनदा. मग इंजिनियर बोळातून चालत जायचा. सगळीकडे कामगारांची ठोकाठोक ऐकू यायची, त्या बोळात मात्र कानात कापूस घातल्यासारखी शांतता असायची. आमच्या ऑफिसातली पोरं त्या खोकल्याची नक्कल करायची. "मॅम, अंकल को कफ सिरप भिजवा दो यार!" मीही हसायचे.

काम संपत आलं तेव्हा प्रत्यक्षात जसं बांधलं तसे शेवटचे नकाशे आले. हे तपासून माझी सही झाली की कंपनी मोकळी. नोव्हेंबर होता. भरदुपारी समोरचा टॉवर धुरक्यात पूर्ण गायब झाला होता, काचेपलीकडे नुसती करडी भिंत उभी होती. मी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. आधी खोल्यांचे नकाशे, मग विजेचे, मग पाण्याचे. हा क्रम मी पस्तीस वर्षांत मोडला नव्हता.

पहिल्या मजल्याची बेरीज आठ फुटांनी कमी आली.

मापं मीटरमध्ये होती, मी तुमच्यासाठी फुटांत सांगते. बाहेरून लांबी एकशे चाळीस फूट आणि आतून भिंतींसकट एकशे बत्तीस. पुन्हा बेरीज केली. तिसऱ्यांदा केली. तळमजला जुळत होता, दुसरा मजला जुळत होता. मधल्याच मजल्यावर, त्या बोळाच्या भिंतीपलीकडे, आठ फूट रुंद आणि बोळाइतका लांब एक पट्टा कुठल्याच खोलीत नव्हता. तिथे जायला दारही दाखवलेलं नव्हतं.

मला काय झालं असेल? खरं सांगते, आनंद झाला. इतका मोठा मासा कितीतरी वर्षांत गळाला लागला नव्हता. आमच्याकडे चूक सापडली की तिच्याभोवती लाल ढग काढतात आणि सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत क्वेरी, म्हणजे लेखी शंका, टाकतात. मी ढग काढला, लिहिलं, 'पहिला मजला, आठ फूट जागेचा हिशेब लागत नाही, प्रत्यक्ष मोजून खुलासा करावा', आणि बटण दाबलं. ती क्वेरी मधल्या कंपनीला, तिकडच्या खात्याला, सगळ्यांना एकाच वेळी गेली. मग मी डबा खाल्ला.

जेवण झाल्यावर विजेचा नकाशा उघडला. तो दुसरी कंपनी काढते. वायरमनने जिथे वायर ओढली ते ती मुकाट्याने कागदावर उतरवते. बोळातून एक वायर निघून सरळ भिंतीत शिरली होती आणि भिंतीच्या आत सहा दिवे होते. ओळीने, सारख्या अंतरावर, वर्गात असतात तसे. दोन पंखेही होते.

पाण्याचा नकाशा उघडायची मला भीती वाटत होती, तरी उघडला. खालून एक नळ वर आला होता आणि त्याच भिंतीत शिरला होता. त्याच्या शेजारून मैल्याचा पाइप खाली जात होता. त्या आठ फुटांत एक संडास होता.

खिडकी नसलेली, दार नसलेली, सहा दिव्यांची जागा, आणि कोणीतरी दिवसभर आत थांबतं म्हणून एक संडास. तिथे मुली शिकत होत्या. असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण मला वाचता येत होतं. म्हातारा कशासाठी खोकत होता तेही कळलं. झरीनने नव्या सरकारला इमारत हवी तशी काढून दिली होती आणि त्यातले आठ फूट स्वतःकडे ठेवले होते. आणि तिकडे टेप घेऊन माणूस पाठवा, असं मी जेवायच्या आधी लिहून मोकळी झाले होते.

यादीत टाकलेली क्वेरी पुसता येत नाही. मी तिच्याखाली लिहिलं, 'माझी बेरीज चुकली होती, जागा जुळते, क्वेरी रद्द समजावी.' नोकरीत लिहिलेलं हे माझं पहिलं खोटं. मग धावत साहनी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, पहिल्या मजल्याची क्वेरी प्लीज मागे घ्या. गलती मेरी थी."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "रंजना जी, आपकी बेरीज चुकली? आजपर्यंत एक बार भी नहीं हुआ."

"आज झाली सर. उमर हो गई."

"अरे, तुम्ही पण ना!" साहेबांना इतक्या वर्षांत थोडं मराठी यायला लागलं होतं, आणि ते मनापासून हसले. "टेन्शन मत लीजिए. मैंने अभी उनको लिख दिया है कि हमारी चेकर की क्वेरी कभी ग़लत नहीं निकलती, इसे सीरियसली लें. आपकी तारीफ़ की है!"

मी त्यांना खरं कारण सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर ते आणखी एका माणसाला कळलं असतं, आणि साहेब माणूस चांगला असला तरी पोटात काही ठेवणारा नव्हता. मी जागेवर येऊन बसले. झरीनच्या जुन्या पत्त्यावर ईमेल लिहायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला थांबले. तो पत्ता आता कोण उघडत असेल, हे मला माहीत नव्हतं.

तीन दिवस मी नीट जेवले नाही. मिलिंद म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस." मी म्हटलं, "मुद्दाम नाही केलं, पण हौसेने केलं."

चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. 'त्रुटी निदर्शनास आणल्याबद्दल आभार. जागेवर दुरुस्ती केली आहे. यापुढे व्हिडिओ पाहणीची आवश्यकता नाही.' सोबत पहिल्या मजल्याचा नवा नकाशा होता. त्या आठ फुटांवर आता तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. आमच्या भाषेत याचा अर्थ भरीव काँक्रीट. बेरीज बरोबर एकशे चाळीस आली. विजेच्या नव्या नकाशात दिवे नव्हते. आणि सगळी दारं नव्वद अंश, सताड उघडी होती.

मी ती दारं किती वेळ बघत होते कोण जाणे.

मग माझ्यातला चेकर जागा झाला. आठ फूट रुंद, बोळाइतकं लांब, छतापर्यंत भरलेलं काँक्रीट पहिल्या मजल्यावर. त्याच्या खाली काय आहे? खाली मोकळं दालन, वर साधा स्लॅब आणि नेहमीच्या तुळया. मी तीनदा बघितलं. खाली नवा खांब नाही, तुळई जाड केलेली नाही. एवढं वजन त्या स्लॅबवर खरंच टाकलं असेल, तर तो पेलणार नाही. आधी वाकेल, मग चिरा पडतील, मग वरचा मजला घेऊन खाली बसेल. म्हणजे दोनच शक्यता होत्या. एक, कोणीतरी कशाचाही विचार न करता खरोखर ओतलं, आणि नकाशाही झरीनने नव्हे, दुसऱ्याच कोणी काढला. दुसरी, कोणी काहीच ओतलं नाही, फक्त माझी बेरीज जुळावी म्हणून कागदावर रेघा मारल्या आणि मला लाल करायला काहीच उरू नये म्हणून दारंही सरळ केली. तसं असेल तर ते खोटं मला उद्देशून होतं, आणि ते मी गिळावं अशी कोणाची तरी इच्छा होती.

कोणत्याही चेकरने इथे लाल ढग काढला असता. 'स्लॅबची क्षमता तपासावी', इतकंच लिहायचं होतं. ते लिहिणं माझं कामच होतं. खरंच ओतलं असेल, तर त्या इमारतीत काम करणाऱ्यांचे जीव माझ्या त्या एका ओळीवर होते. नसेल ओतलं, तर आतल्यांचे. मी दुपारी चारपर्यंत तशीच बसून राहिले. मग शेऱ्याच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं आणि सही केली. साहनी साहेबांनी सगळ्यांना समोसे मागवले.

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झाले. झरीनचं काहीही कळलं नाही. दिल्लीत तिच्या देशाची माणसं भेटतात, पण त्यांना तरी काय विचारणार? कोणाचं नाव घ्यायचं तेही धोक्याचं.

मग मी एक नाद लावून घेतला. दर रविवारी सकाळी, मिलिंद भाजी आणायला गेला की मी कॉम्प्युटरवर त्या शहराचा उपग्रहातून काढलेला नकाशा उघडायची. नदीपासून तिसरा रस्ता, मशिदीच्या उजवीकडे ते लांबट छप्पर. सरळ, कुठेही न वाकलेलं. छप्पर सरळ आहे म्हणजे स्लॅब उभा आहे. स्लॅब उभा आहे म्हणजे काँक्रीट ओतलेलं नाही, आठ फूट अजून पोकळ आहेत. दीड वर्षं मी दर रविवारी ते छप्पर बघून चहा करत असे. त्या चहाला मला चव लागायची.

गेल्या महिन्यात चष्मा बदलला. नव्या चष्म्याने रविवारी तो नकाशा उघडला तर चित्राच्या अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक तारीख दिसली. चित्र कधी काढलं त्याची. ती तारीख मी आजवर एकदाही तपासली नव्हती. ते चित्र माझ्या क्वेरीच्या चार महिने आधीचं आहे.